संस्थेचे दप्तर : रुमालापासून संगणकापर्यंत

बेळगावच्या उत्तरेस काही मैलांवर कडोली हे मराठी वस्तीचे शेतकरी गाव आहे. सीमाभागाबाहेरच्या मराठी वाचकांना हे नाव ठाऊक असते ते तेथे दरवर्षी भरणाऱ्या मराठी साहित्य संमेलनामुळे. ग्रंथदिंडी निघते, अध्यक्षांचे भाषण होते, कवी कविता वाचतात, आसपासच्या खेड्यांतील माणसे दिवसभर मांडवात बसून ऐकतात. शेतीची कामे सांभाळून एवढा व्याप करणाऱ्या गावाचे कौतुक आजवर अनेकांनी केले आहे. आम्हांला मात्र या लेखात मांडव उतरल्यानंतरच्या गोष्टीविषयी लिहावयाचे आहे.

मांडव उतरल्यावर मागे काय उरते? कोणत्याही संमेलनाचे, उत्सवाचे किंवा सभेचे उरते ते दप्तर. ठराव, भाषणांच्या प्रती, वर्गणीदारांची यादी, जमाखर्च, छायाचित्रे आणि आलेली-गेलेली पत्रे. एक पिढीपूर्वी हे सारे एका लोखंडी कपाटात मावत असे आणि त्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे गावात सर्वांना माहीत असे. आज निमंत्रणपत्रिका संगणकावर तयार होते, भाषण ई-मेलने येते, वर्गणी मोबाईलवरून जमा होते, छायाचित्रे दहा जणांच्या दहा फोनांत राहतात आणि कार्यकारिणीची निम्मी चर्चा व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर होते. कपाट रिकामे पडत चालले आहे, आणि त्याच्या जागी नेमके काय आले आहे याचा विचार फार थोड्या संस्थांनी केला आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणां सर्वांच्या मंडळांची स्थिती याहून निराळी नाही; म्हणून हा विषय वाचकांपुढे ठेवीत आहोत.

'चिटणीस' या शब्दाचा अर्थ

मराठी माणसाला दप्तर नवे नाही. 'दप्तर' हा शब्द फारसीतून आला, आणि मराठी राज्यकारभाराने तो असा काही आपलासा केला की आज शाळेत जाणारे पोरही आपल्या पिशवीला दप्तरच म्हणते. शिवछत्रपतींचे चिटणीस बाळाजी आवजी यांचे नाव इतिहासात राहिले ते लेखणीमुळे. पेशवाईत फडावर हिशेब ठेवणारा फडणीस, पत्रव्यवहार सांभाळणारा चिटणीस आणि कागद लावून ठेवणारा दप्तरदार अशी कामांची वाटणी होती. रोजच्या व्यवहाराची रोजकीर्द लिहिली जाई, कागद कापडात बांधून त्यांचे रुमाल केले जात आणि हवा तो कागद हवा तेव्हा काढता येई. पेशवाई १८१८ साली संपली, परंतु तिचे दप्तर पुण्यात हजारो रुमालांत टिकून राहिले. त्यातूनच रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले.

आपल्या मंडळांत आज जो 'सेक्रेटरी' असतो त्याला आपण अजूनही चिटणीस म्हणतो. सभा बोलावणे, पाहुण्यांचे स्वागत करणे ही त्याची पुढे चिकटलेली कामे होत. मूळचे काम लिहिण्याचे, आणि लिहिलेले जपण्याचे. कागद जाऊन संगणक आला म्हणून हे काम संपलेले नाही. उलट ते अधिक नाजूक झाले आहे, असे आमचे म्हणणे आहे. आणि त्याचे कारण समजून घेण्यासाठी कडोलीसारख्या गावातील प्रत्येक शेतकऱ्याच्या परिचयाच्या एका कागदाकडे वळू.

उताऱ्याची गोष्ट

तो कागद म्हणजे जमिनीचा उतारा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. त्यामुळे या भागातील जुन्या शेतकरी घरांत एकाच शेताचे तीन तऱ्हेचे कागद सापडू शकतात. पणजोबांच्या वेळचा मोडी किंवा बाळबोध मराठीतला, आजोबांच्या-वडिलांच्या वेळचा हाताने लिहिलेला कानडीतला, आणि आताचा संगणकातून छापून निघालेला, तोही कानडीतला.

हा तिसरा कागद कर्नाटक शासनाच्या 'भूमी' या प्रकल्पातून आला. गेल्या शतकाच्या अखेरीस शासनाने तो हाती घेतला आणि नव्या शतकाच्या आरंभी तो राज्यभर पोहोचला. १७७ तालुक्यांतील सुमारे ६७ लाख खातेदारांच्या सुमारे दोन कोटी नोंदी संगणकात गेल्या. त्यापूर्वी या नोंदी सुमारे नऊ हजार तलाठ्यांच्या ताब्यात होत्या. उतारा हवा तर तलाठी गावात येण्याची वाट पाहावी लागे, आणि त्याची मर्जी राखावी लागे, हे आमच्या ग्रामीण वाचकांना सांगावयास नको. 'भूमी' आल्यावर तालुक्याच्या खिडकीवर तेव्हाच्या १५ रुपयांत उतारा मिळू लागला.

परंतु सोय हा या प्रकल्पाचा केवळ वरचा भाग झाला. दप्तराच्या दृष्टीने त्यात तीन गोष्टी मोलाच्या होत्या. पहिली अशी की, ज्या तालुक्यात संगणकीय नोंद पूर्ण झाली तेथे हस्तलिखित उतारा देणे बंद करण्यात आले. अधिकृत प्रत एकच. दोन प्रतींत दोन नावे, हा घोळ संपला. दुसरी गोष्ट, नोंदीत बदल करणाऱ्या कर्मचाऱ्याची ओळख बोटाच्या ठशाने पटवली जाऊ लागली. बदल कोणी केला व केव्हा केला, हे मागाहून सांगता येऊ लागले. तिसरी गोष्ट, फेरफाराचे अर्ज आलेल्या क्रमानेच निकालात काढावयाचे असा नियम यंत्रातच बसवला गेला. यंत्र वशिला जाणत नाही, ही त्यातली खुबी.

तथापि यंत्र सत्यही जाणत नाही. जुन्या वहीत 'पाटील'चे 'पोटील' झालेले असेल तर संगणकात तेच जाते आणि आता ते अधिक सुबकपणे छापून निघते. चूक दुरुस्त करावयाची तर मूळ कागद पाहावाच लागतो. म्हणून संगणकात नोंद गेली की जुने कागद रद्दीत टाकावेत असे कोणत्याही शहाण्या कारभाऱ्याने समजू नये. कर्नाटक शासनानेही तसे केलेले नाही. तहसील कार्यालयांतील जुन्या कागदांच्या प्रतिमा घेण्याचे काम २०२४ पासून 'भू-सुरक्षा' या योजनेखाली सुरू झाले.

आणि एक गोष्ट राहतेच. उतारा खरा आहे, त्यावर आपलेच नाव आहे, तो हातात आहे, आणि तरीही घरातील वृद्धाला तो वाचता येत नाही. शाळेत कानडी शिकलेला नातू तो वाचून दाखवतो तेव्हाच आपल्या शेताचे क्षेत्र बरोबर लागले आहे की नाही हे त्याला कळते. भाषेच्या वादात आम्ही येथे शिरत नाही. मराठी मुलांनी कानडी वाचावयास शिकावे, आणि शासनानेही रयतेला समजेल अशा भाषेत कागद द्यावा, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी योग्य असू शकतात. येथे सांगावयाचे ते इतकेच की, कागद जवळ असणे आणि कागद वाचता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. संगणकाच्या युगात या दोहोंमधले अंतर आणखी वाढते.

वाचता येईल तेच दप्तर

मोडी लिपीचे उदाहरण आपल्यापुढे आहे. शतकानुशतके मराठी व्यवहार मोडीत झाला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळांतून व कचेऱ्यांतून निघून गेली. पुण्याच्या दप्तरात, तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात, आणि असंख्य घरांच्या माळ्यांवर मोडी कागद आजही सुस्थितीत आहेत. शाई टिकली, कागद टिकला, पण वाचणारे विरळ झाले. आजोबांनी जपून ठेवलेल्या खताचा अर्थ नातवाला कळत नाही. तथापि मोडी ही डोळ्यांनी दिसते. कोणी जिद्दीने शिकला तर पुन्हा वाचू शकतो.

संगणकातील नोंदीचे तसे नाही. १९९० च्या सुमारास मराठी संस्था संगणकावर लिहू लागल्या तेव्हा श्रीलिपी, आकृती यांसारख्या प्रणाली वापरात होत्या. त्या काळच्या फाँटांत रोमन अक्षरांसाठी राखलेल्या जागांवर देवनागरी वळणे बसवलेली असत. तोच फाँट असलेल्या यंत्रावर मजकूर मराठी दिसे; दुसऱ्या यंत्रावर तो उघडला की निरर्थक रोमन अक्षरांचा पाऊस पडे. पुढे युनिकोड आले. त्याची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक मिळाला. आज आपण फोनवर लिहितो ते मराठी युनिकोडमध्येच असते. परंतु मधल्या पंधरा-वीस वर्षांत टंकलिखित झालेले अहवाल, स्मरणिका, सभासदांच्या याद्या जुन्याच फाँटांत अडकून आहेत. पणजोबांचा मोडी कागद निदान दिसतो तरी. आपण स्वतः १९९५ साली लिहिलेला अहवाल उघडतही नाही, असा हा उलटा न्याय आहे.

हा अनुभव केवळ आपला नव्हे. इंग्लंडच्या विल्यम राजाने १०८६ साली आपल्या राज्यातील जमिनींची मोजदाद करविली. तिचे 'डूम्सडे बुक' चर्मपत्रावर लिहिलेले असून ते आजही वाचता येते. त्याला नऊशे वर्षे झाली म्हणून १९८६ साली बी.बी.सी.ने देशभरच्या शाळांतील मुलांच्या मदतीने नवी 'डूम्सडे' नोंद तयार केली आणि त्या वेळच्या सर्वांत आधुनिक अशा लेसर तबकड्यांवर साठविली. अवघ्या सोळा वर्षांनी, २००२ च्या सुमारास, त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि मजकूर सोडवून घेण्यासाठी संशोधकांना खास प्रयत्न करावा लागला. नऊशे वर्षांचे चर्मपत्र शाबूत आणि सोळा वर्षांची तबकडी मुकी! संगणकातील नोंद पेटीत ठेवून विसरता येत नाही, हा त्यातला बोध. लोणच्याच्या बरणीप्रमाणे तिच्याकडे अधूनमधून पाहावे लागते.

खरी नोंद कोणती

येथे वाचक विचारील की, व्हॉट्सअ‍ॅपवरचा प्रत्येक संदेश जपावयाचा काय? मुळीच नाही. नोंद आणि मजकूर यांत भेद आहे. दप्तर-व्यवस्थेचे आयएसओ १५४८९ या नावाचे एक आंतरराष्ट्रीय मानक २००१ साली तयार झाले आणि २०१६ साली सुधारले गेले. त्यात चांगल्या नोंदीची चार लक्षणे सांगितली आहेत. ती ज्याची म्हणून सांगितली जाते त्याचीच असावी. घडले ते तिने विश्वासार्हपणे सांगावे. ती अखंड असावी, म्हणजे मागाहून कोणी तीत गुपचूप फेरफार केलेला नसावा. आणि हवी तेव्हा ती सापडावी व वाचता यावी. गटावर 'चालेल' असे सात जणांनी लिहिले, चौघांनी अंगठा दाखवला आणि बाकीचे गप्प राहिले, यातून काय ठरले हे दोन वर्षांनी कोण सांगणार? तोच निर्णय चिटणिसाने दोन ओळींच्या ठरावात उतरवला, पुढच्या सभेत वाचून कायम केला आणि अध्यक्षांनी सही केली, म्हणजे ती नोंद झाली.

आपल्या पूर्वजांना अखंडतेचे हे तत्त्व ठाऊक होते. पत्राच्या शेवटी मोर्तब उमटवीत ते यासाठीच की, त्याखाली कोणी एखादी ओळ घुसडू नये. संगणकीय नोंदीलाही मोर्तब असते. तिला 'हॅश' म्हणतात. एखाद्या फाईलवर ठरावीक गणित चालवून अक्षरांची व आकड्यांची एक साखळी काढतात. फाईलमधला एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ती साखळी पार बदलते. त्यामुळे आज हाती असलेली फाईल पूर्वीचीच आहे की नाही, हे पडताळता येते.

कायद्यानेही या नोंदींना मान्यता दिली आहे, पण अटींवर. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक नोंद कागदाच्या बरोबरीची मानली. मात्र ती पुढे पाहण्यास उपलब्ध राहिली पाहिजे, मूळ स्वरूप राखले गेले पाहिजे आणि ती कोठून व केव्हा आली याचा तपशील मिळाला पाहिजे, असेही सांगितले. न्यायालयात ती कशी मांडावी याचा निर्णय एका मराठी मुलुखातल्या खटल्यानेच झाला. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या मुदतीनंतर घेतला गेला काय, असा वाद होता. पुरावा म्हणून निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रफिती पुढे आल्या. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितले की, मूळ यंत्र न्यायालयात हजर केले नसेल आणि केवळ प्रत दिली असेल, तर त्या प्रतीबरोबर कायद्याने ठरविलेले प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमात हीच अट आहे, आणि त्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात आता फाईलचे हॅशही लिहावे लागते. जागेच्या वादात किंवा हिशेबाच्या तक्रारीत संस्थेला कधी न्यायालयात जाण्याची पाळी आली, तर फोनवरच्या चित्राची छापील प्रत घेऊन उभे राहणे पुरेसे होणार नाही, हे कारभाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

गावच्या संस्थेने काय करावे

सहकारी संस्थांकडे सरकारचे लक्ष गेले आहे. केंद्र शासनाने जून २०२२ मध्ये देशातील ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. बेळगावकडे ज्यांना कृषी पत्तीन संघ म्हणतात त्या याच संस्था. पण वाचनालय, साहित्य संघ, महिला मंडळ, तालीम, भजनी मंडळ यांचे दप्तर कोणी सरकारी योजनेतून लावून देणार नाही. ते काम घरचेच. त्यास पैसा फार लागत नाही, शिस्त लागते.

पहिली शिस्त मालकीची. संस्थेची नोंद संस्थेच्या नावाच्या ई-मेल खात्यात व संस्थेच्या साठ्यात असावी, चिटणिसाच्या खाजगी फोनात नव्हे. समजा, चिटणीस नोकरीनिमित्त पुण्यास गेले, किंवा देवाघरी गेले, किंवा त्यांचा फोन विहिरीत पडला. यांपैकी कोणत्याही कारणाने संस्थेचा इतिहास बुडता कामा नये. खात्याचा परवलीचा शब्द बंद पाकिटात घालून अध्यक्षांकडे किंवा खजिनदाराकडे ठेवावा. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे आहे. इतक्या वर्षांत त्याचे किती चिटणीस बदलले असतील याचा वाचकांनीच अंदाज करावा. संस्था माणसांहून दीर्घायुषी असते, म्हणूनच ती संस्था.

दुसरी शिस्त नावांची. 'नवीन फाईल', 'शेवटची', 'अगदी शेवटची' अशा नावांनी काही सापडत नाही. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग विषय असे नाव दिले की फाईली आपोआप कालक्रमाने लागतात. इतिवृत्त, जमाखर्च, पत्रव्यवहार, सभासद, कार्यक्रम आणि छायाचित्रे एवढे सहा रुमाल बहुतेक संस्थांना पुरतात. छायाचित्रात कोण आहे, कोणता प्रसंग आहे, हे त्याच आठवड्यात लिहून ठेवावे. वर्षाने तेच चेहरे अनोळखी होतात.

तिसरी शिस्त प्रतींची. महत्त्वाच्या नोंदीच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक तरी गावाबाहेर असावी. पूर किंवा आग आली तर सारे एकदम जाऊ नये, हा हेतू. मजकूर युनिकोडमध्ये असावा. कायमच्या नोंदीसाठी पीडीएफ-ए हे २००५ साली मानक म्हणून स्वीकारलेले रूप वापरावे. त्यात लागणारा फाँट फाईलच्या पोटातच असतो. जुन्या फाँटांतील अहवाल, ते जाणणारी माणसे व यंत्रे आहेत तोवरच युनिकोडमध्ये आणून घ्यावेत. आणि इतिवृत्ताची सही केलेली एक कागदी वही चालूच ठेवावी. तिला वीज लागत नाही.

चौथी शिस्त निवडीची. कोणती नोंद किती वर्षे ठेवावयाची हे सभेने ठरवावे. ठराव, घटना, जागेचे कागद व वार्षिक हिशेब कायमचे. किरकोळ पावत्या कायदा सांगेल तितकी वर्षे. मंडपवाल्याशी झालेली घासाघीस कार्यक्रम संपेपर्यंत. काही काढून टाकावयाचे तर ठराव करून, यादी लिहून टाकावे. सभासदांच्या आधार कार्डांच्या प्रती व दूरध्वनी क्रमांक गटावर फिरवू नयेत. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली केला आहे, आणि कायदा नसता तरी शेजारधर्म होताच.

पाचवी शिस्त पडताळणीची. वर्षातून एकदा, दसऱ्याला शस्त्रे पुसतात तशा, जुन्या फाईली उघडून पाहाव्यात. उघडली नाही ती त्याच वर्षी दुरुस्त करावी. नव्या चिटणिसाने सूत्रे घेताना हिशेबाप्रमाणे दप्तरही मोजून घ्यावे आणि 'मिळाले' म्हणून सही द्यावी. हे काम तरुण मुलींनी व सुनांनी हाती घेतल्यास अधिक नेटके होईल असे आम्हांस वाटते. बचत गटांच्या वह्या आपल्या स्त्रियांनी जशा सांभाळल्या आहेत त्या पाहता यात शंका नाही.

हे कशासाठी?

कोणी म्हणेल, एवढ्याशा मंडळाचे कागद जपून जगाचे काय भले होणार? जगाचे राहो, आपले होईल. आपल्या मुलखाबाहेर किंवा त्याच्या कडेला राहणाऱ्या समाजाची नोंद इतर कोणी आपुलकीने ठेवीत नाही. सरकारी खानेसुमारीत आपण एक आकडा असतो. शाळा कोणी काढली, वाचनालयाला जागा कोणी दिली, पहिल्या संमेलनाला बैलगाडीतून खुर्च्या कोणी आणल्या, हे फक्त आपल्याच दप्तरात असते. कडोलीच्या मांडवात बोललेले शब्द काय, किंवा इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी मंडळांच्या सभांतील ठराव काय, ते लिहून ठेवले नाहीत तर पन्नास वर्षांनी या गोष्टी घडल्याच नाहीत असे म्हणण्यास कोणालाही मोकळीक राहील, आणि उत्तर देण्यास आपल्या नातवंडांजवळ कागद नसेल.

म्हणून वाचकांस विनंती आहे की, आपल्या मंडळाच्या येत्या वार्षिक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत, अहवाल व हिशेब यांच्या खाली, 'दप्तर' हा एक विषय घालावा. कोणाच्या फोनात काय आहे ते विचारावे, एका आठवड्याची मुदत घालून ते एकत्र करावे आणि एका माणसाकडे नावानिशी सोपवावे. सुरुवातीस इतके पुरे आहे.